एका माणसाचं सभागृह

त्या दिवसांत आमचे हे दिवसाआड सभागृह उघडायला जायचे. उघडायचे आणि लगेच बंद करायचे. मधे काहीच नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलं, "साहेब कोटबिट घालून निघाले, काही विशेष?" मी म्हटलं, "दुकान आहे आमचं. शटर वर करायचं, खाली करायचं. माल नाही, गिऱ्हाईक नाही." बाई हसल्या. मी थट्टा करत नव्हते, पण त्यांना ते कसं कळणार.

प्रकार असा होता. सरकारनं पाण्याच्या हक्कांचं एक विधेयक आणलं होतं आणि ते त्यांच्याच घशात अडकलं होतं. मतदान घ्यावं तर पक्षातलेच लोक विरुद्ध जाणार आणि सरकार पडणार. अधिवेशन संपवावं तर विधेयक बारगळणार आणि वर्षभर मिरवलेली फुशारकी वाया जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग कुणा शहाण्यानं तोडगा काढला, की अधिवेशन चालवायचंही नाही आणि संपवायचंही नाही. नियम एवढाच, की अधिवेशन असेतो सभागृह सलग दोन दिवस बंद राहता कामा नये. एक बैठक चुकली की अधिवेशन आपोआप संपलं. तेव्हा दिवसाआड, रविवार असो की सुट्टी, कुणीतरी एकानं जाऊन खुर्चीवर बसायचं, कामकाज सुरू झालं म्हणायचं, परवा सकाळी अकरा वाजेपर्यंत सभागृह तहकूब म्हणायचं, आणि घरी यायचं.

सभापती डोंगरातल्या बंगल्यावर हवापालटाला गेले. सदस्य आपापल्या गावी. सभापती नसताना खुर्चीवर बसायला तीन ज्येष्ठ सदस्य नेमलेले असतात. त्यातले एक परदेशात मुलाकडे होते. दुसऱ्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते शहरापासून लांब राहायचे आणि त्यांची कंबर धरलेली असायची, निदान बैठकीच्या दिवशी तरी. तिसरे आमचे हे. आमचं घर सभागृहाच्या मागच्याच रस्त्याला. शिवाय ह्यांच्या तोंडात "नाही" हा शब्द घालायचं देव विसरला. भीड ही भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. ह्यांची तर ती सख्खी बहीण आहे.

मी बरोबर जायचे. ह्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यामुळे पायऱ्या नीट दिसत नसत. खालपर्यंत पोचवून मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसायचे. गॅलरीच्या दारावरचा शिपाई दर वेळी माझी पिशवी काढून घ्यायचा आणि पास द्यायचा. मी म्हटलं, "अरे बाबा, ओळखतोस ना मला?" तो म्हणायचा, "ओळखतो ना, पण पास लागतो."

अकराला पाच कमी असताना घंटा वाजायची. ही घंटा सगळ्या इमारतीत वाजते, कँटीनमध्ये, ग्रंथालयात, अगदी संडासातसुद्धा, सदस्यांनी हातातलं टाकून धावत यावं म्हणून. मी जन्मभर शाळेत शिकवलं, घंटा मला नवी नाही. पण पोरं नसलेल्या शाळेत घंटा वाजवत राहावी तसा तो प्रकार होता. कँटीनच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवलेल्या. सभागृहातल्या बाकांवर धूळ बसू नये म्हणून पांढऱ्या चादरी घातलेल्या. दिवे खुर्चीपुरते लावलेले, बाकी अंधार. चोपदार पुढे येऊन मोठ्यानं पुकारायचा, की सभापती येत आहेत, आणि त्याच्या मागून आमचे हे, एक हात कठड्यावर ठेवून, पायरी चाचपत. खाली सचिव आणि एक लघुलेखिका. सगळे मिळून चार जण. वर मी.

हे उभे राहून ती दोन वाक्यं बोलायचे आणि बसायच्या आधीच निघायचे. लघुलेखिकेची बोटं मशीनवर पोचेपर्यंत संपायचं.

एकदा मी सचिवांना विचारलं, "एवढ्या मोठ्या सभागृहाला एक माणूस पुरतो?"

सचिव फायली बांधत होते. शांतपणे म्हणाले, "पुरत नाही बाईसाहेब. पण पुरत नाही असं आत बसलेल्या सदस्यानं उठून म्हणावं लागतं. आणि आत कुणी नसतं."

"आणि ह्यांनी चुकून काही भलतंच म्हटलं तर?"

"खुर्चीवरून जे म्हटलं ते झालं. आक्षेप घ्यायला समोर कोण आहे?"

म्हणूनच प्रतोद ह्यांना दर आठवड्याला बजावायचा. प्रतोद म्हणजे पक्षाच्या सदस्यांना हाकून आणणारा. आमचा प्रतोद आमच्या मुलाच्या वयाचा, ह्यांना काका म्हणणारा. नावात चाबूक आहे, पण बोलणं सगळं साखरेतलं. "काका, सगळं तुमच्यावर आहे. फक्त तो एक शब्द तोंडातून निसटू देऊ नका. बेमुदत. तुम्ही 'बेमुदत तहकूब' म्हणालात की अधिवेशन खलास."

"नाही रे, मी कशाला म्हणेन," हे म्हणायचे.

मला ह्या सगळ्याचं काही वाटलं नसतं. म्हाताऱ्या माणसाला दिवसाआड कोट घालून बाहेर पडायला मिळतं, तेवढंच बरं, असं म्हणून मी गप्प बसले असते. पण त्याच महिन्यात मोठ्या भाऊजींना डॉक्टरांनी घरी पाठवलं.

मोठे भाऊजी म्हणजे ह्यांचे दादा. वडील लवकर गेले, तेव्हा हे पाळण्यात होते आणि भाऊजींना मिसरूड फुटत होती. पुढचं सगळं भाऊजींनी केलं. सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, ताप आला तर रात्र रात्र जागले, माझ्यासाठी ह्यांचं स्थळ घेऊन आमच्या घरी तेच आले होते. ह्याच सभागृहात ते ह्यांच्या आधी दोनदा निवडून आले होते. खांबाजवळच्या बाकावर बसायचे आणि कुणालाही सुखानं बोलू द्यायचे नाहीत. कान गेले तेव्हा म्हणाले, "ऐकू न येता भांडण्यात मजा नाही," आणि जागा धाकट्याला देऊन गावी जाऊन राहिले.

गाव लांब. दिवसाला एकच गाडी. आज दुपारी निघाली की उद्या दुपारी तिथं. लगेच उलटं फिरलं तरी परत येईपर्यंत सभागृहाची वेळ टळलेली. म्हणजे दोन बैठकांच्या मधे जाऊन येणं काही केल्या बसत नव्हतं. हे पेन्सिलीनं वेळापत्रकावर खुणा करत बसायचे, जणू खुणा केल्यानं गाडी लवकर पोचणार होती.

मोठ्या जाऊबाईंचा फोन माझ्याकडे यायचा. "मूत्रपिंडं गेलीत दोन्ही," त्या म्हणाल्या. "आता काही करायचं नाही म्हणतात. धाकटा येतोय का, एवढंच विचारतात."

"ताई, भाऊजींकडे द्या ना फोन, इकडे मी ह्यांना देते."

मग दोघं भाऊ बोलायचे. इकडून हे ओरडायचे, "दादा, येतोच मी, एवढं अधिवेशन संपू दे." तिकडून भाऊजी ओरडायचे, "कामकाज सोडून येऊ नको. मी कुठं पळून चाललोय?" आणि फोन परत आम्हा जावांच्या हातात. एक बोलावणार नाही, दुसरा जाणार नाही. दोघांचं तोंड एका साच्यातलं आणि आतडंही.

एकदा जाऊबाई म्हणाल्या, "अगं, दिवसाआड दिसतो तो आम्हाला."

"कुठं?"

"मोबाईलवर. तुमच्या सभागृहाचं दाखवतात ना. अकरा वाजले की मी त्यांच्यासमोर धरते. ऐकू येत नाही, पण बघतात. तेवढ्यात संपतं. मग म्हणतात, परत लाव. मी परत लावते."

ते मी ह्यांना सांगितलं. सांगायला नको होतं की हवं होतं, अजून कळत नाही.  ह्यांनी पुढच्या बैठकीला केस नीट विंचरून घेतले, कोटाला स्वतः इस्त्री केली. खुर्चीसमोर उभे राहिले, कामकाज सुरू झालं म्हणाले, आणि मग थांबले. समोर भिंतीवर कॅमेरा आहे, त्याच्याकडे बघत नुसते उभे राहिले. चांगला डोळा त्या बाजूला करून. सचिवांनी वर पाहिलं. लघुलेखिकेनं सचिवांकडे पाहिलं. सचिव खोकले. तेव्हा कुठं हे सभागृह तहकूब आहे म्हणाले.

त्यानंतर दर वेळी तसंच. संध्याकाळी जाऊबाई सांगायच्या, "आज बराच वेळ दिसला. ह्यांनी हात केला त्याला."

प्रतोदाचाही फोन आला. "काका, आज जरा लांबलं का? लोक बघतात हो मोबाईलवर. चेष्टा करतात. पटकन म्हणायचं आणि निघायचं."

मी ह्यांच्या हातातून फोन घेतला. "हे बघा, ह्यांचे मोठे भाऊ शेवटच्या दुखण्यात आहेत. दुसरं कुणीतरी बसवा चार दिवस."

"काकू, असं आहे तर आधी का नाही सांगितलं? काकांना म्हटलं असतं की मी, तुम्ही आधी जा. फक्त एवढा आठवडा काढू द्या."

तो आठवडा काढला. पुढचाही काढला. दर वेळी "फक्त एवढा आठवडा". शेवटी मीच मास्तरांच्या घरी फोन केला, त्यांच्या बायकोशी बोलले, बाई बाईला समजावते तसं समजावलं. मास्तर तयार झाले. शुक्रवारची आणि रविवारची बैठक ते घेणार. प्रतोदही म्हणाला, "उत्तम, काका तुम्ही निश्चिंत जा."

शुक्रवारी दुपारची गाडी घ्यायची ठरली, मास्तरांची सकाळची बैठक झाली की. पण हे कसले निश्चिंत. गुरुवारीच म्हणाले, आजच निघू, एक दिवस जास्त मिळेल. मला हवंच होतं. दोन बॅगा भरल्या. भाऊजींना मऊ लोकरीची टोपी घेतली होती, ती वरच ठेवली. स्टेशनवर पोचलो, फलाटावरच्या बाकावर बसलो. हे पोरासारखे खूश. म्हणाले, "दादा मला बघून पहिलं वाक्य काय म्हणेल सांगू? जाड झालास म्हणेल."

गाडी लागायच्या आत फोन आला. मास्तर घरात पडले होते. खोटं नव्हतं ते, पायाचं हाड मोडलं होतं. कंबरेचं जन्मभर सोंग केलं आणि नेमकं त्या दिवशी खरंच पडले. आता त्यांच्यावर रागवायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

हे फोन खिशात ठेवून बसून राहिले. गाडी आली. लोक चढले. आमच्या डब्याचा तपासनीस दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता, चढतात की काय म्हणून.

"चला," मी म्हटलं. "उचला बॅग. बैठक चुकली तर चुकली."

"विधेयक पडेल."

"पडू दे. विधेयक पडलं तर परत उठतं. भाऊजी उठणार नाहीत."

"अगं, इतके दिवस सांभाळलं आणि आता माझ्या हातून…" ते बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "तू जा. तू तरी भेट त्याला."

"मला भेटून ते काय करतील? त्यांना तुम्ही हवे आहात."

गाडी गेली. आम्ही रिक्षा करून घरी आलो. मी रिक्षात एक शब्द बोलले नाही आणि घरी आल्यावर खूप बोलले. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची एवढी हौस असेल तर लग्न कशाला केलं, इथपर्यंत बोलले. हे बूट काढत ऐकत होते. म्हणाले, "दादानं जागा दिली तेव्हा एकच सांगितलं होतं. आपल्या पायी सभागृहाचं अडू द्यायचं नाही."

"ते भांडत होते त्या सभागृहाबद्दल बोलले. हे चादरी घातलेलं सभागृह त्यांनी पाहिलं नव्हतं."

"पाहतोय की दिवसाआड," हे म्हणाले.

पालथ्या घड्यावर पाणी. मला फार राग आला होता. पण राग वरचा. आतून मी घाबरले होते, कारण हे जाणार नाहीत आणि भाऊजी थांबणार नाहीत, हे मला तेव्हाच स्पष्ट दिसत होतं.

शुक्रवारी ह्यांनीच बैठक घेतली. रविवारी घेतली. मंगळवारी घेतली. गुरुवारी सकाळी हे दाढी करत होते तेव्हा फोन आला. जाऊबाई रडत नव्हत्या. म्हणाल्या, "पहाटे गेले. झोपेतच. धाकट्याला सांग, घाई करू नको, आम्ही थांबतो उद्यापर्यंत. दवाखान्याच्या शीतगृहात ठेवून घेतो म्हणालेत."

मी न्हाणीघराच्या दारात जाऊन सांगितलं. हे आरशात बघत होते. अर्ध्या गालाला साबण. "बरं," म्हणाले, आणि उरलेली दाढी केली. नीट केली, कुठं कापलं नाही. मग म्हणाले, "बॅग भर. दुपारची गाडी घेऊ."

मी बॅगा भरायला लागले. मला वाटलं, सुटलो. तर हे कोट घालत होते.

"आता कुठं?"

"अकराला सभागृह आहे."

 बोलायचं होतं ते सगळं फलाटावरून आल्यावर बोलून झालं होतं.

सचिवांच्या खोलीत गेलो तर त्यांना बातमी आधीच कळली होती. त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला. मग कागद पुढे केला. सभागृहाचा माजी सदस्य गेला की त्या दिवशी दुसरं काही काम करायचं नाही, शोकप्रस्ताव वाचायचा, उभं राहून श्रद्धांजली वाहायची आणि उठायचं, अशी तिथली जुनी प्रथा. चांगली प्रथा आहे. पण हे कागद वाचता वाचता शेवटच्या ओळीशी थांबले.

"उद्या?"

"हो साहेब," सचिव म्हणाले. "दुखवट्याची तहकुबी एका दिवसाची. गेलेल्या माणसासाठी एक दिवसाचं काम सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बसायचं. कधी मोडलेली नाही."

"उद्या मी इथं नसेन."

सचिवांनी खाली पाहिलं. "प्रतोदांना सकाळपासून लावतोय. रिंग जाते, उचलत नाहीत. मास्तर प्लास्टरमध्ये. सभापतींच्या बंगल्यावर माळी फोन घेतो." मग ते हळूच म्हणाले, "साहेब, मी काय सांगू?"

म्हणजे भाऊजींना मान द्यायचा तर ह्यांनी उद्या परत खुर्चीवर यायचं, आणि भाऊजींना पोचवायला जायचंच नाही. असली अक्कल कागदालाच सुचते.

घंटा वाजली. मी वर गेले. शिपायानं पिशवी मागितली नाही, नुसतं दार उघडून धरलं. त्यालाही कळलं होतं.

हे आत आले. चोपदारानं पुकारलं, पण नेहमीपेक्षा हळू. हे उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. "या सभागृहाचे माजी सदस्य" असं म्हणून भाऊजींचं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. त्यातलं पहिलं नाव तेवढं वेगळं, बाकी सगळं ह्यांचंच. पुढे नेहमीची विशेषणं होती, मनमिळाऊ, अभ्यासू, कर्तव्यदक्ष. सगळ्यांना तीच लावतात. भाऊजी मनमिळाऊ कधीच नव्हते. हट्टी होते, तिरसट होते, आणि कुणाला जेवू घातल्याशिवाय पाठवायचे नाहीत. ते कागदावर नव्हतं. हे कागदावरचं वाचत गेले, शाळेतल्या हुशार नसलेल्या पण शहाण्या मुलासारखे, एकेका शब्दावर बोट ठेवून.

मग सगळे उभे राहिले. सचिव, लघुलेखिका, चोपदार. ते उभेच होते म्हणा. मीही वर उभी राहिले. चादरी घातलेले बाक जसेच्या तसे. हे कॅमेऱ्याकडे बघत होते. सवयीनं बघत होते. मग बहुधा आठवलं असेल, की तिकडे आता बघणारं कुणी नाही. मान खाली घातली.

"सभागृहाची बैठक आता," ह्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि थांबले. कागद डोळ्याजवळ नेला. परत लांब धरला. मग घडी करून खिशात ठेवला.

"सभागृहाची बैठक आता तहकूब करण्यात येत आहे," हे म्हणाले.

सचिवांनी खालून पुढचे शब्द पुरवले. "उद्या सकाळी अकरा, साहेब."

"नाही," हे म्हणाले. "बेमुदत."

लघुलेखिकेचे हात मशीनवर तसेच राहिले. सचिव म्हणाले, "साहेब, तो शब्द…"

"मला माहीत आहे तो कोणता शब्द आहे. सभागृह बेमुदत तहकूब. लिहा बाळ."

तिनं लिहिलं. चोपदारानं पुढे येऊन ह्यांचा हात धरला, पायरीसाठी.

दुपारची गाडी मिळाली. हे खिडकीशी बसले. मधल्या एका स्टेशनावर मी चहा घेऊन दिला तो हातात धरून ठेवला, निवल्यावर प्याले. मग म्हणाले, "कठीण नव्हतं गं. एक शब्द होता. फलाटावर बसून मी त्याचाच विचार करत होतो, की शुक्रवारी जाऊन म्हणायचा आणि निघायचं. त्या दिवशी म्हणालो असतो तर दादा जिवंत होता."

मी चोवीस तास टोमणे मारणारी बाई. पण तिथं मी नुसता ह्यांच्या हातातला रिकामा कप घेतला. वरातीमागून घोडं आलं हे घोड्यालाच कळलं असेल तर लोकांनी काय बोलावं.

गावी पोचलो तेव्हा भाऊजींना दवाखान्यातून घरी आणलं होतं. जाऊबाईंनी सगळ्यांना थोपवून धरलं होतं, धाकटा आल्याशिवाय हलवायचं नाही म्हणून. हे आत गेले आणि भाऊजींच्या उशाशी बसले. कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत राहिले, मोठ्यानं नाही, जणू आता त्यांना ऐकू येतं. मी जाऊबाईंपाशी थांबले. लोकरीची टोपी बॅगेतच राहिली.

स्मशानातलं सगळं आटोपून भाऊजींच्या घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. ह्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये होता. तो वाजला. प्रतोद. मी मागच्या दारी गेले आणि मनाची तयारी करून फोन घेतला, की आता हा पोरगा ह्यांना काय काय बोलणार आणि मी त्याला काय काय ऐकवणार.

"काकू, फार वाईट झालं. मला आत्ता समजलं. काका कसे आहेत?"

"आहेत."

"आणि ते अधिवेशनाचं, काकांना म्हणावं अजिबात मनाला लावून घेऊ नका. काहीही बिघडलेलं नाही. उलट बरंच झालं. आमचं तसंही संपवायचंच ठरलं होतं. विधेयक मागे घेतोय."

"कधी ठरलं?"

"झाले की बरेच दिवस. गेल्या शनिवारीच." तो जरा अडखळला. "मला वाटलं सभापतींनी काकांना कळवलं असेल. सभापतींना वाटलं मी कळवलं. तो निरोप तेवढा राहून गेला बघा. बाकी काका म्हणजे शिस्तीचा माणूस, बैठका अगदी वेळेवर चालू होत्या, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही."

गेला शनिवार म्हणजे फलाटावरून परत आलो त्या गुरुवारनंतर दोनच दिवसांनी. रविवारची गाडी होती. सोमवारी भाऊजी शुद्धीवर होते, जाऊबाईंशी भांडले होते.  त्या पोराला बोलायला माझ्याकडे जन्मभराचा साठा होता. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

मागे वळले तर हे दारात उभे होते. एका हातानं चौकट धरून, चांगला डोळा माझ्याकडे करून.

"कुणाचा फोन?"

"प्रतोदाचा."

"काय म्हणाला?"

मी आयुष्यात ह्यांच्यापासून काही लपवलं नाही. तोंडाची फाटकी आहे मी, पोटात राहतच नाही माझ्या. शिवाय चार दिवसांनी पेपरात सगळं येणार, किंवा सचिव सांगतील, तेव्हा हे विचारतील. विचारू देत, तेव्हाचं तेव्हा बघू.

"रागावलाय?" ह्यांनी विचारलं.

"रागावलाय," मी म्हटलं. "फार रागावलाय. सरकार अडचणीत आलंय म्हणे तुमच्यामुळे."

हे मग पायरी चाचपून खाली बसले.

"रागावू दे," हे म्हणाले, आणि काल सकाळपासून पहिल्यांदा रडले. मी शेजारी बसले आणि फोन बंद करून टाकला.